"किती दिवस लागतील?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी: मॅनेजरला कामाचा खरा वेळ कसा सांगावा

मॅनेजर टेबलापाशी येऊन उभे राहतात, "हे कधीपर्यंत होईल?" असं विचारतात आणि आपण "दोन-तीन दिवसांत देतो" म्हणून मोकळे होतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तिसऱ्या दिवशी "थोडं राहिलंय", पाचव्या दिवशी "आज संध्याकाळी नक्की", आठव्या दिवशी रात्री जागून कसंबसं पाठवलेली फाइल आणि नवव्या दिवशी त्या फाइलमधली चूक नेमकी मॅनेजरच्याही वरच्या माणसाने काढलेली.

हे आळसामुळे होत नाही. आकडा तोंडातून जाण्याआधी ज्या पायऱ्या चढायच्या असतात त्या गाळल्या जातात म्हणून होतं. त्या पायऱ्या खाली क्रमाने दिल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि मग अडकतात.

सुरुवातीला तीन शब्द वेगळे करून घ्या. अंदाज म्हणजे काम मोजून आलेला आकडा. अपेक्षा म्हणजे समोरच्याला ज्या तारखेला हवंय ती तारीख. शब्द म्हणजे दोघांनी बोलून ठरवलेलं आणि तुम्ही पाळणार असलेलं. बोलणी अपेक्षेवर होतात, शब्दावर होतात. अंदाजावर होत नाहीत. साडेतीन मीटर कापड लागणार असेल तर शिंप्याशी वाद घालून ते अडीच मीटरवर येत नाही, फक्त बाह्या आखूड होतात.

## टप्पा १: जागच्या जागी आकडा सांगू नका

विचारलेल्या क्षणी दिलेलं उत्तर हा अंदाज नसतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काढलेला तो आवाज असतो. तेव्हा पहिलं उत्तर आकड्याचं नको, वेळेचं द्या:

- "काम एकदा नीट बघतो आणि आज चार वाजेपर्यंत तारीख सांगतो."
- "यात दुसऱ्या विभागाकडून काय लागेल ते विचारून उद्या सकाळी अकराला सांगते."

यात "बघून सांगतो" एवढंच म्हणून चालत नाही. ते टाळाटाळीसारखं ऐकू येतं, आणि बऱ्याचदा असतंही. अंदाज *कधी* देणार याची वेळ सांगा आणि ती वेळ पाळा. या छोट्या वेळा पाळणारा माणूस मोठी तारीख मागतो तेव्हा त्याचं म्हणणं ऐकलं जातं.

मॅनेजरही कधीकधी पेचात असतात. मीटिंगमध्ये त्यांना कोणीतरी विचारलेलं असतं आणि ते तुमच्याकडे बघत असतात. अशा वेळी मोठं एकक वापरा: "हे दिवसांचं काम नाही, आठवड्यांचं आहे. नेमके किती ते उद्या सांगतो." एवढ्यावर त्यांची वेळ निभावते आणि तुम्ही अडकत नाही.

सावधान: "साधारण", "बहुतेक", "अंदाजे" हे शब्द प्रवासात गळून पडतात आणि आकडा तेवढा पोचतो. मी एकदा जिन्यात उभ्याउभ्या "आठवड्याभरात होईल बहुतेक" म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला गेलेल्या मेलमध्ये तारीख होती, "बहुतेक" नव्हतं.

## टप्पा २: काय मागितलंय ते विचारून घ्या

मॅनेजरच्या डोक्यातलं काम आणि तुमच्या डोक्यातलं काम ही दोन वेगळी कामं असू शकतात. मोजायला बसण्याआधी हे प्रश्न विचारा:

1. हे कोण वाचणार किंवा वापरणार? विभागातलेच लोक, की बाहेरचे?
2. "झालं" म्हणजे काय? कच्चा मसुदा हातात आला की झालं, की तपासून, मंजूर होऊन पुढे गेलं की झालं?
3. यातलं काय नसलं तरी चालेल?
4. ही तारीख कुठून आली?

चौथा प्रश्न विचारायला लोक कचरतात आणि तोच सर्वांत उपयोगी पडतो. काही तारखा खऱ्या असतात: कायद्याने ठरलेली मुदत, ठरलेला कार्यक्रम, ग्राहकाशी झालेला करार. काही तारखा नुसत्या सुचलेल्या असतात. "शुक्रवारपर्यंत" याचा अर्थ बऱ्याचदा "आठवडा संपायच्या आत डोक्यावरून उतरलं तर बरं" एवढाच असतो. विचारताना सूर मात्र सांभाळा. "शुक्रवारच का?" हे उलट बोलणं वाटतं. "शुक्रवारी हे पुढे कुणाला द्यायचंय का? म्हणजे त्यांना आधी काय लागेल ते बघतो," हे काम समजून घेणं वाटतं.

तपासा: आपलं काम दोन वाक्यांत लिहून मॅनेजरला दाखवा. ते "हो, हेच" म्हणाले तर पुढे चला. "हो, आणि त्यात ते पण..." म्हणाले तर बरं झालं, अजून काही बिघडलेलं नाही.

## टप्पा ३: कामाचे तुकडे पाडा

अख्ख्या कामाकडे बघून आलेला आकडा नेहमी लहान असतो, कारण आपल्याला कामाचा गाभा दिसतो आणि कडा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक तुकडा एका दिवसाच्या आत बसेल इतका लहान करा. "माहितीवर काम, तीन दिवस" असं लिहावंसं वाटलं, तर त्या तीन दिवसांत काय करायचंय ते तुम्हालाच अजून माहीत नाही असं समजा.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो: तीन विभागांची माहिती एकत्र करून तिमाही अहवाल करायचा आहे.

- नमुना ठरवून मंजूर करून घेणं: ३ तास
- विभागांकडे माहिती मागणं, आठवण करणं, फोन: २ तास
- आलेली माहिती साफ करणं, आकडे जुळवणं: ८ तास
- तक्ते आणि आलेख: ५ तास
- मजकूर लिहिणं: ४ तास
- दुसऱ्या कुणाकडून आकडे तपासून घेणं आणि दुरुस्त्या: २ तास
- मॅनेजरने सुचवलेले बदल: ४ तास
- शेवटचा हात आणि पाठवणं: १ तास

एकूण २९ तास. साफसफाईचे ८ तास हे मुळात दोन-तीन तुकडे आहेत, ते तुमच्या यादीत वेगळे लिहा.

घाईत केलेल्या यादीत यातल्या कोणत्या ओळी नसतात ते बघा. आठवण करणं नसतं, दुसऱ्याकडून तपासणं नसतं आणि मॅनेजरचे बदल तर हमखास नसतात. जणू पहिल्याच फटक्यात सगळं मंजूर होणार आहे. मागच्या पाच कामांत बदल न सुचवता किती परत आली ते आठवा आणि ती ओळ लिहून टाका.

एखादा तुकडा मोजताच येत नसेल तर आकडा फेकू नका. कधीच न वापरलेली प्रणाली असेल, किंवा कुणाची तरी जुनी अर्धवट फाइल असेल, तर आधी चाचपणीसाठी ठरावीक वेळ मागा: "पूर्ण कामाची तारीख आज सांगता येणार नाही. दोन दिवस बघू द्या, बुधवारी सांगतो." दोन दिवसांची चाचपणी हा शब्द पाळता येतो. अनोळखी कामाची तारीख पाळता येत नाही.

## टप्पा ४: तासांचे दिवस करा (इथेच सगळे घसरतात)

२९ तासांना ८ ने भागलं की साडेतीन दिवसांच्या आसपास उत्तर येतं. कागदावर बरोबर, प्रत्यक्षात साफ चूक. यात तीन गफलती आहेत.

पहिली: तुमच्याकडे दिवसाला आठ तास नाहीत. मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर उघडा आणि मोजा. मीटिंगा, मेल, रोजचं ठरलेलं काम, शेजारच्या टेबलावरून येणारे "जरा दोन मिनिटं" हे सगळं वजा करा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा सहा तास तरी निघतील अशी खात्री होती, चारच निघाले. तेही सलग नव्हते. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ तुकडे जोडून चार तास होतात, पण आकडे जुळवण्यासारखं काम त्यात होत नाही, कारण प्रत्येक वेळी कुठे होतो ते आठवण्यातच दहा मिनिटं जातात.

चार तास धरले तर २९ तासांचे सव्वासात दिवस झाले.

दुसरी: काम आणि वाट पाहणं वेगळं आहे. माहिती मागायला दोन तास लागतात, यायला तीन दिवस. तपासणारा सहकारी एक दिवस घेणार, मॅनेजर वाचायला एक दिवस घेणार. म्हणजे वाट पाहण्याचे पाच दिवस. त्यातला एखादा दिवस दुसरे तुकडे पुढे ढकलून भरून काढता येतो, चार उरतात. सव्वासात आणि चार मिळून साधारण ११ दिवस. "तीन-चार दिवसांत देतो" आणि ११ दिवस यांमधलं अंतर हे असं तयार होतं. यात कुठेही कामचुकारपणा नाही.

तिसरी: कामाचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस. "चौदा दिवस" म्हटलं की ऐकणारा "दोन आठवडे" ऐकतो. पाच दिवसांच्या आठवड्यात कामाचे चौदा दिवस म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. म्हणून दिवस सांगूच नका, तारीख सांगा. आणि तारीख काढताना सुट्ट्या, स्वतःची रजा आणि ज्यांच्यावर काम अवलंबून आहे त्यांचीही रजा बघा. शेवटची गोष्ट कुणीच बघत नाही.

तपासा: आकडा आला की स्वतःला विचारा, हे काम उद्या सकाळी खरंच सुरू होणार आहे का? हातातलं आधीचं काम गुरुवारपर्यंत चालणार असेल, तर मोजणी शुक्रवारपासून सुरू होते.

## टप्पा ५: एक आकडा नको, तीन काढा

आता तीन आकडे लिहा. सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती आणि बऱ्याच गोष्टी बिघडल्या तर किती. आपल्या उदाहरणात समजा ८, ११ आणि २०. यांची एक जुनी, सोपी बेरीज आहे: पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा, या सगळ्यांना ६ ने भागायचं. ८ + ४४ + २० = ७२, भागिले ६ म्हणजे १२.

११ चे १२ झाले, कारण उशिराला वरची हद्द नसते. काम लवकर संपून संपून तीन दिवस आधी संपेल, लांबलं तर नऊ दिवस लांबेल. शेवटच्या आणि पहिल्या आकड्यातल्या फरकाला ६ ने भागलं (२० – ८ = १२, भागिले ६ म्हणजे २) की किती मोकळीक ठेवायची ते कळतं. बारा हा मधला आकडा आहे, साधारण निम्म्या वेळा तुम्ही त्याच्या पुढे जाल. शब्द द्यायचा तर १४ चा द्या.

"वाईटात वाईट" आकडासुद्धा आपण कमीच धरतो, हे लक्षात असू द्या. १९९४ साली बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस होता. सगळं बिघडलं तर किती, याचं उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे मुद्दाम वाईट कल्पना करायला सांगूनही लोक कमी पडले.

त्यामुळे कल्पनेपेक्षा नोंद बरी. मागची पाच-सहा कामं घ्या आणि सांगितलेले दिवस व लागलेले दिवस शेजारी लिहा. समजा तुम्ही ३, ५, २, ८, ४, ६ असे एकूण २८ दिवस सांगितले होते आणि लागले ५, ७, २, १३, ६, ९ म्हणजे ४२. तुमचं प्रमाण दीडपट आहे. अहवालाचं नाव ऐकल्याबरोबर मनात "सात दिवस" आलं असेल, तर ते साडेदहा समजा. तुकडे पाडून आलेला आकडा याच्या जवळपास असायला हवा. सात विरुद्ध वीस असं काही निघालं तर यादीत काहीतरी सुटलंय किंवा दोनदा मोजलंय.

सावधान: दोन्ही पद्धती एकावर एक चढवू नका. तुकड्यांतून आलेल्या १२ ला पुन्हा दीडपट केलं की १८ होतात आणि कुणी बारकाईने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

गुपचूप फुगवलेल्या आकड्याचंही तेच. "सर नाहीतरी कापणारच, म्हणून दुप्पट सांगू" हा खेळ दोन-तीनदा चालतो. मग मॅनेजर न बघताच निम्मं करायला लागतात आणि ज्या दिवशी तुम्ही खरा आकडा सांगता त्या दिवशी तोही निम्मा होतो. मोकळीक ठेवायचीच, पण उघडपणे: "यातले दोन दिवस माहिती उशिरा आली तर लागतील म्हणून ठेवलेत."

## टप्पा ६: सांगताना काय सांगाल

चार गोष्टी, याच क्रमाने: तारखांचा पट्टा, तो कशावर टेकलेला आहे, काय झालं तर बदलेल आणि पुढची नक्की खबर कधी.

समजा काम सोमवारी १ तारखेला सुरू होतंय, आठवडा पाच दिवसांचा आहे आणि मधे एक सुट्टी व तुमची एक रजा आहे. बारावा दिवस येतो गुरुवारी १८ ला, चौदावा सोमवारी २२ ला. तर:

"मॅडम, अहवाल १८ ते २२ तारखेच्या दरम्यान होईल. तिन्ही विभागांची माहिती ४ तारखेपर्यंत येईल आणि तुम्ही मसुदा एका दिवसात वाचून द्याल असं धरलंय. माहिती जितकी उशिरा येईल तितकी तारीख पुढे जाईल. ८ तारखेला माझ्या हातात काय आलंय ते बघून नक्की तारीख सांगते."

याच्याशी ताडून बघा: "तसं लवकर होईल, पण विभागांवर आहे, ते वेळेत देत नाहीत, तरी बघते, प्रयत्न करते." दुसऱ्या बोलण्यात माहिती जवळजवळ तीच आहे, पण हाताला काही लागत नाही. "प्रयत्न करते" हे मॅनेजरच्या कानाला "हो" असंच ऐकू येतं.

मॅनेजर पट्ट्यातली अलीकडची तारीखच उचलतील. हे होणारच. म्हणून तुम्ही स्वतःच सांगून टाका: "वर सांगायचं असेल तर २२ सांगा. १८ ला झालं तर आपण लवकर दिलं असं होईल."

## टप्पा ७: "एवढा वेळ? मला १२ तारखेला हवंय"

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे लगेच मान टाकणं: "बरं, करतो." असं म्हणताच आधीची सगळी मोजणी खोटी होती असं तुम्हीच सिद्ध करता, आणि पुढच्या वेळी मॅनेजर दाबून बघणारच. दुसरी म्हणजे बचावाला उभं राहणं, मागच्या वेळी किती त्रास झाला, बाकीची किती कामं आहेत, त्या विभागाचे लोक कसे आहेत. तुमचं खरं असतं, पण मॅनेजरसमोरची १२ तारीख तशीच राहते.

आकडा आहे तिथेच ठेवा आणि काम हलवा. "२९ तासांचं काम १२ तारखेपर्यंत बसत नाही. पण १२ ला काय देता येईल ते सांगतो." मग तीन वाटा मांडा:

काम कमी करणं. "१२ ला दोन मोठ्या विभागांचे तक्ते आणि आलेख मिळतील. तिसरा विभाग आणि मजकूर २२ ला." बहुतेक वेळा हीच वाट निघते, कारण मीटिंगमध्ये अख्खा अहवाल कुणी वाचत नाही, दोन तक्ते बघतात. टप्पा २ मधला "काय नसलं तरी चालेल" हा प्रश्न इथे कामी येतो.

दुसरं काम बाजूला ठेवणं. "रोजचं काम आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे दिलं तर मला दिवसाला साडेपाच तास मिळतील, जवळजवळ दोन दिवस अलीकडे येता येईल. वाट पाहण्याचे दिवस मात्र तसेच राहतील." काय बाजूला ठेवायचं ते मॅनेजरला ठरवू द्या. तुम्ही परस्पर ठरवलंत तर महिन्याअखेरी ते दुसरं काम तुमच्या गळ्यात येईल.

माणसं वाढवणं. ही वाट सगळ्यांना आधी सुचते आणि सगळ्यांत कमी चालते. नव्या माणसाला काम समजावण्यात तुमचेच तास जातात. शिवाय तीन माणसांत आपसात बोलण्याच्या तीन जोड्या असतात, सहा माणसांत पंधरा. वेगळा काढता येईल असा तुकडा असेल तर मदत घ्या. आकडे तपासणं, आलेखांचं स्वरूप सारखं करणं, विभागांना फोन करणं, ही अशी कामं आहेत. जिथे सगळं एकाच डोक्यात जुळवायचंय तिथे दुसरा माणूस अडचणच होतो.

चौथी एक वाट असते, तिचं नाव कुणी घेत नाही: तपासणी गाळणं. "आकडे दुसऱ्याकडून तपासायचे दोन तास आणि एक दिवस वाचवू या का?" हे तुम्ही होऊन सुचवू नका. मॅनेजरनी सुचवलं तर परिणाम त्यांच्या तोंडून मान्य करून घ्या: "चालेल, पण मग हे आकडे न तपासलेले आहेत असं पहिल्या पानावर लिहितो." हे वाक्य ऐकल्यावर बऱ्याचदा तो एक दिवस सापडतो.

मॅनेजर ऐकूनच घेत नसतील तर? असेही असतात. "मला कारणं नकोत, १२ म्हणजे १२." तिथे वाद वाढवू नका, पण "हो" असंही म्हणू नका. "१२ ला जेवढं झालंय तेवढं देतो. माझ्या हिशेबाने ते दोन विभागांपर्यंत येईल," एवढं बोलून निघा आणि पुढचा टप्पा त्याच दिवशी करा. रात्री जागून भागवायची वेळ आली तर निदान ते तुमच्या चुकीच्या अंदाजामुळे झालं असं नंतर म्हणता येणार नाही.

## टप्पा ८: लिहून ठेवा

पाच ओळींचा मेल पुरे: काय द्यायचं, कधी, काय धरून चाललोय, काय यात नाही, पुढची खबर कधी. "आपलं आज बोलणं झालं त्याप्रमाणे" अशी सुरुवात करा. पुरावा गोळा करतोय असा वास येऊ देऊ नका. "काही चुकलं असेल तर सांगा" ही ओळ शेवटी असू द्या.

## टप्पा ९: काम चालू असताना

तारीख चुकणार हे तुम्हाला कळतं आणि तुम्ही सांगता, या दोन्हींमधले दिवस मोजले जातात. उशीर मॅनेजरना खपतो. शेवटच्या संध्याकाळी कळलेला उशीर खपत नाही, कारण तोवर त्यांनी पुढे शब्द दिलेला असतो.

निम्मे दिवस संपले की थांबून यादी काढा. "किती टक्के झालं" असं स्वतःला विचारू नका. टक्के मनाने सांगितले जातात, आणि "नव्वद टक्के झालंय" हे वाक्य एकाच कामाबद्दल सलग चार दिवस बोलता येतं. पूर्ण संपलेले तुकडे मोजा. अर्धवट तुकडा म्हणजे शून्य. आपल्या उदाहरणात सात दिवस गेले, नमुना ठरला, माहिती आली आणि साफसफाई अर्धी झालीय, तर संपलेले तास आहेत ५, बाकी आहेत २४. सात कामाचे दिवस उरलेत, दिवसाला चार तास म्हणजे २८ तास, पण त्यात वाट पाहण्याचे दोन दिवस आहेत. त्यांचे आठ गेले की २० उरतात. अर्धवट साफसफाईचे चार तास पदरात धरले तरच हे जेमतेम बसतं. याचा अर्थ आजच बोलायला हवं.

बोलताना:

- नवी तारीख एकदाच द्या, ती पाळता येईल अशी द्या. "उद्या", मग पुन्हा "उद्या" असं तीनदा सांगण्यापेक्षा एकदाच "गुरुवार" सांगितलेलं बरं.
- कारण एका वाक्यात सांगा. तीन वाक्यांची कारणं सबबी वाटतात.
- आधी ठरलेल्या तारखेला काय देता येईल ते सोबत सांगा.

मधेच नवं काम आलं तर "हेही करतो" म्हणण्याआधी हा हिशेब दाखवा. पाच-पाच दिवसांची तीन कामं एकामागून एक केली तर ती ५व्या, १०व्या आणि १५व्या दिवशी संपतात. तिन्ही रोज आळीपाळीने केली तर १३व्या, १४व्या आणि १५व्या दिवशी. शेवटचं काम तेव्हाच संपतं, पहिली दोन मात्र फुकट लांबतात. मग विचारा: "यातलं पहिलं कोणतं?" उत्तर "तिन्ही पहिली" आलं, तर तुमच्या मते असलेला क्रम मेलने कळवा आणि त्या क्रमाने कामाला लागा. क्रम आवडला नाही तर लगेच उत्तर येतं, बाकी मेलना येत नसलं तरी.

## टप्पा १०: काम संपल्यावर पाच मिनिटं

एका वहीत किंवा तक्त्यात चार रकाने करा: काम, सांगितलेले दिवस, लागलेले दिवस, फरक कुठे पडला. चौथा रकाना नेमका भरा. "उशीर झाला" असं लिहून काही कळत नाही. "माहिती पाच दिवस उशिरा, बदलांच्या दोन फेऱ्या" असं लिहिलं तर पुढच्या वेळी त्या दोन ओळींचे तास बदलता येतात.

ही वही मॅनेजरना दाखवायची की नाही हे माणूस बघून ठरवा. मी सहा कामांच्या नोंदीनंतर दाखवली. त्यात बदलांच्या फेऱ्या किती दिवस खातात हे दिसत होतं आणि त्या फेऱ्या त्यांच्याच होत्या. ते काही बोलले नाहीत. पुढच्या कामात मात्र नमुना ठरवायच्या मीटिंगला ते पूर्ण वेळ बसले आणि बदल एकाच फेरीत आटोपले.